नेट तुंबवलं ती संध्याकाळ

माझी थोरली बहीण शाहूवाडीकडं डोंगरातल्या गावात राहते. मी तिला आक्का म्हणते. गेल्या वर्षी तिला अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. कानांनी ती आधीच अधू, माझं बोलणं ओठ बघून ओळखते. उत्तर डोळ्यांनी देते. एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. म्हणजे दोघींची तोंडं एकमेकींना दिसल्याशिवाय आमचं काही होत नाही.

माझ्या खुब्यात लोखंड आहे, डोंगरातल्या त्या खड्ड्यांच्या रस्त्यानं जायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. राहिला व्हिडिओ कॉल. तिची सून, म्हणजे माझ्या भाच्याची बायको, दिवसभर रानात असते; धारा काढून सातला फोन लावते आणि साडेसातला डेअरीत दूध घालायला निघते.

मला आक्काला एकच विचारायचं होतं. तुला कोल्हापूरला आणून चांगल्या दवाखान्यात दाखवू का? घरच्यांनी विचारलं की ती भिंतीकडं तोंड करते. तिला वाटतं, ही सगळी मला घराबाहेर काढतायत. भाचा म्हणतो, "मावशी, तुमचं ती ऐकती. तिनं हो म्हटलं तर उद्या गाडी करतो. तिच्या मनाविरुद्ध हलवणार न्हाय."

मी कोल्हापुरात राजारामपुरीत मुलाकडं राहते, पाचव्या मजल्यावर. मुलगा आणि सून आठनंतर घरी येतात. मोबाईलची रेंज आमच्या घरात धड येत नाही. बारा फ्लॅटांनी मिळून एकच मोठं इंटरनेट घेतलं आहे. खाली मीटरशेजारी पेटी आहे, तिथून प्रत्येक घरात वायर जाते. दिवसभर नेट पळतं. सात वाजले की सगळ्या घरांत नेटवरच्या मालिका, क्रिकेट एकदम सुरू होतं आणि आक्का पडद्यावर थिजते. बरोबर अर्धे डोळे मिटलेले असताना थिजते. ते हो होतं की नुसती पापणी लवली, कोण सांगणार?

मी चौथी शिकलेली. पण वाटून घेतलेलं पाणी मला कळतं. वडिलांच्या शेताला पाटाचं पाणी पाळीनं मिळायचं. दुसऱ्याच्या पाळीत आपल्या रानाकडचं पाटाचं दार बंद ठेवायचं. आमचं रान पाटाच्या शेवटाला, पाणी कसं कमी होत येतं ते लहानपणीच बघितलं. रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले. म्हटलं, मला सात ते सव्वासात पाळी द्या. तेवढा वेळ बाकीच्यांनी बंद ठेवा.

सेक्रेटरी हसले. "आजी, नेटला काय पाटाचं दार हाय व्हय?"

दुसऱ्या मजल्यावरची बाई म्हणाली, "द्या की! आमच्या मालिकेतली सून पंधरा मिनिटं उशिरा रडंल. रडायची काय ऱ्हाती?"

सगळे हसले आणि हो म्हणाले.

सोमवारी सातला फोन लागला. आक्का स्वच्छ दिसली. मी म्हटलं, "आक्का, इकडं बघ. तुला कोल्हापूरला..." आणि ती थिजली. त्याच वेळी खालून कुणाच्या तरी घरातून "आऊट! आऊट!" असा ओरडा आला. कुणीतरी माझ्या पाळीत दार उघडलं होतं.

पाळीत कुणी पाणी चोरलं तर वडील भांडत बसायचे नाहीत. पाटाच्या तोंडाला चिखल घालायचे, मागं पाणी तुंबू द्यायचे आणि मग चिखल काढायचे. पाणी असं जोरात सुटायचं की शेवटापर्यंत जायचं. मी काठी घेतली, लिफ्टनं खाली गेले. पेटीत सगळ्या वायरी सारख्याच निळ्या. बटण एकच होतं. ते बंद केलं, जरा वेळ थांबले, मग चालू केलं.

पेटीवर लाल दिवा लागला, तो हिरवा होईना. बारा घरांच्या गॅलऱ्यांतून आवाज आले, "नेट कुणी घालवलं?"

"मी घालवलं," मी खालून सांगितलं.

सेक्रेटरी धावत आले. "आजी, हे तुंबत न्हाय वो! बंद केलं की गेलं. आता जुळायला अर्धा तास." कुणी मला बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

वर आले तर मोबाईलवर चित्राविना साधा फोन वाजत होता, आवाज तुटत होता. भाच्याची बायको म्हणाली, "मावशी, डेअरी बंद हुईल, मी निघते. उद्या विचारू की."

पहाटे आक्काला दुसरा झटका आला.

दोन दिवसांनी वायरमन आला. मी त्याला सगळं विचारलं. म्हणाला, "आजी, वाटून कमी हुतंय, ते तुमचं बरोबर. पण साठत न्हाय. आन् एका घराच्या क्रिकेटनं एवढं अडत न्हाय. पेटीच म्हातारी झाली हुती." त्यानं पेटी बदलली. ज्या क्रिकेटवाल्याला मी दोन दिवस मनात शिव्या दिल्या, त्याचाही दोष नव्हता.

आता सातला आक्का लख्ख दिसते. तालुक्याच्या दवाखान्यातून तिला घरी आणली आहे. मी रोज तेच विचारते. तिचे डोळे कधी एकदा मिटतात, कधी चारदा, कधी मी काही विचारायच्या आधीच. डॉक्टर म्हणतात, ते आपोआप मिटतात, तिला काही समजत नाही. मागून भाचा विचारतो, "मावशी, काय म्हणाली?"

मला सांगता येत नाही. चित्र मात्र आता कुठं अडकत नाही.