शेजारच्या आजींची चाल

उद्याच्या परीक्षेसाठी लेक जेवता जेवता रेनेसाँच्या धड्यातले शब्द पाठ करत होती. "पॉलिफोनी, म्हणजे अनेक स्वतंत्र चाली एकाच वेळी," असं ती जर्मनमध्ये पुटपुटली आणि मला जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नमधला चर्चचा गारठलेला हॉल आठवला. विझवलेल्या मेणबत्त्यांच्या वासासकट.

तेव्हा मी तिथे नवीन होते. ओळखी व्हाव्यात म्हणून रेनेसाँच्या काळची गाणी गाणाऱ्या गटात गेले. आमच्या विहारात वंदना सगळे एकाच चालीत म्हणतात. त्या सवयीने मी शेजारी उभ्या असलेल्या आजींचं ऐकत ऐकत हळूच त्यांच्या चालीवर जायची. वाटायचं, किती छान जुळवून घेतेय मी!

शेवटी आजी गाता गाता थांबल्या. "आल्झो... हे बघा, माझ्यामागे येऊ नका. तुम्ही तुमची चाल सोडलीत, की माझी एकटी पडते."

मला ते रागावणं वाटलं. परतताना बसमध्ये रडले होते.

"अजून एक पोळी देऊ?" मी लेकीला विचारलं.

"नाइन, डांके."

एरवी मी लगेच म्हणते, मराठीत बोल. आज म्हटलं नाही; तिची चाल तिला, माझी मला.

"बरं, मग थोडा वरणभात?"

"या, गेर्न," म्हणजे हो, आवडेल, म्हणत तिने ताट पुढे केलं.