बोका मी धरला होता

"सर, इनके यहाँ तो पीढ़ियों से मछली का काम है. बिल्ली पकड़नी नहीं पड़ेगी, अपने आप आएगी."

हॉल हसला.

गोंदियातल्या एका हॉटेलचा हॉल. खुर्च्यांना पांढरी कापडं. चाळीसेक जनावरांचे डॉक्टर बसलेले. मीही डॉक्टर. गळ्यात नावाची पट्टी. दोन हजार नऊ-दहाची गोष्ट आहे ही. मांजरांचे आजार, त्यातही लघवीचे आजार, यावर दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. शिकवायला मोठ्या शहरातून एक सर आले होते. त्यांनी विचारलं होतं, "बोक्याची तुंबलेली लघवी स्वतःच्या हाताने कुणी मोकळी केली आहे का?"

एकच हात वर गेला. माझा.

सर माझ्या पट्टीवरचं नाव वाचत होते. तेवढ्यात बाजूला उभे असलेले आयोजक ते मासळीचं वाक्य बोलले. गोंदियात त्यांचा मोठा खाजगी दवाखाना. सगळे त्यांना भैया म्हणतात. कॉलेजात माझ्या दोन वर्षं पुढे होते. माझं गाव, माझी जात, माझ्या बापाचा मासे धरायचा डोंगा, सगळं त्यांना ठाऊक.

सरांनाही हसू आलं. म्हणाले, "मग उत्तमच. दोन दिवस मांजर तुम्हीच धरा, मॅडम. हाताला वास असेलच."

हॉल पुन्हा हसला. मीही हसले.

हो, मीही. दात दाखवून. चाळीस जण हसत असताना एकटी बाई गप्प बसली तर ती लगेच दिसते. मला दिसायचं नव्हतं.

चहाच्या सुट्टीत बेसिनवर हात धुतले. साबण लावून तीनदा. कोणी बघत नाही ना, हे पाहून बोटं नाकाशी नेली. साबणाचाच वास. तरी चौथ्यांदा धुतले. स्वतःचीच शिसारी आली. हाताची नाही. धुण्याची.

मी नवेगाव बांधची. ढिवर. बाप तळ्यात जाळं टाकायचा, माय टोपली घेऊन बाजारात बसायची. यात लाजण्यासारखं काही नाही, हे मला कळत होतं. कळत होतं, पण अंगात उतरलं नव्हतं. शाळेत माझ्या बाकावर कोणी बसायचं नाही. होस्टेलवर खोलीतल्या मुलीनं माझा डबा व्हरांड्यात नेऊन ठेवला. मी तो आत आणला नाही. व्हरांड्यातच उभी राहून जेवले. पूर्ण एक वर्ष. गप्प राहणं मला कोणी शिकवलं नाही. ते मला आपोआप यायचं.

मांजरांचं शिकायला मी का आले, तेही सांगते. अर्जुनीकडच्या एका खेड्यातल्या सरकारी गुरांच्या दवाखान्यात माझी पहिली नेमणूक. गाई, बैल, शेळ्या. पहिल्याच वर्षी एक म्हातारा पोत्यात बोका घेऊन आला. म्हणाला, "डाक्टरबाई, चार दिवस झाले, हा मुतूनच नाही राहिला."

कॉलेजात आम्हाला मांजर दीड पान होतं. परीक्षेत यायचं नाही म्हणून तेही सोडलेलं. मी काय केलं? लघवी वाढवायचं इंजेक्शन दिलं. आत रेतीसारखे खडे अडकून रस्ता बंद झालेला आणि मी वरून पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी म्हातारा तेच पोतं घेऊन आला. मेलेला बोका फक्त दाखवायला. रागावला नाही. "तुमी केलं बाई जमलं तेवढं," म्हणाला आणि गेला.

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी विसरले असते.

मग मी वाचायला लागले. इंग्रजी पुस्तक, बाजूला डिक्शनरी. रविवारी गाडी पकडून नागपूरला एका जुन्या शिक्षकांकडे जायची. ते निवृत्त झाले होते, घरीच दोन-चार जनावरं बघायचे. त्यांनी हात धरून दाखवलं. बोक्याचा मूत्रमार्ग पुढे वाकडा असतो, मागे ओढून सरळ करायचा, मग नळी. पाणी मारत मारत, हळू. नळी अडली तर थांबायचं. जोर कधीच नाही. आणि पोट दगडासारखं लागलं तर नळीच्या आधी बारीक सुईनं लघवी काढायची, कारण तुंबलेल्या लघवीचं विष हृदयाला थांबवतं. त्यानंतर मी तीन बोके मोकळे केले. तरी खात्री नव्हती. नीट शिकायचं होतं. म्हणून गोंदियाचं प्रशिक्षण कळल्यावर खात्यातल्या साहेबांकडे परवानगी मागितली. साहेब म्हणाले, "ढोरं सोडून मांजर? इथं मांजरीले कोण दवाखान्यात नेते?" मी माझी स्वतःची सुट्टी टाकून आले.

आले आणि मांजर धरून उभी राहिले.

पहिल्या दिवशी दुपारी भैयांच्या दवाखान्यात तीन मांजरं होती. तिन्ही मीच धरली. एकेक जण येऊन नळी घालून बघत होता. माझी पाळी आली तेव्हा सर म्हणाले, "तुमचं तर झालेलंच आहे ना?" आणि पुढच्याला बोलावलं. माझ्या मनगटावर ओरखडे उठले होते. कोणी विचारलं नाही. मीही दाखवले नाहीत.

संध्याकाळी जवळच्याच कुडव्याला बहिणीकडे मुक्काम. जेवण गेलं नाही. अंगणात येरझारा घालत राहिले. बहीण म्हणाली, "बस नं वं जराशी." बसवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैयांच्या दवाखान्यात शेवंताबाई आल्या. कुडव्याच्याच. शाळेत खिचडी शिजवतात. ऑटोतून टोपलीत बोका आणला होता, वर लुगड्याचा तुकडा बांधून. लाल रंगाचा, रुंद डोक्याचा गावठी बोका. नाव लाल्या.

"तीन दिवस झाले. बसते, कुंथते, काईच नाई येत. आता तं खाऊनई नाही राहिला," त्या मला म्हणाल्या. मीच दाराशी होते म्हणून मला. "बाई, हा घरात हाय म्हणून मी घरात बोलतो. दुसरं कोनी नाई."

मी लाल्याला उचललं आणि पोटाला हात लावला. मूत्राशय कच्च्या कवठासारखं टणक. छातीवर बोटं ठेवली. ठोके संथ. फार संथ. मांजराचं हृदय असं चालत नाही.

टेबलाभोवती गर्दी. सर म्हणाले, "अगदी नमुनेदार केस. भैया, तुम्ही करा. बाकीच्यांनी बघा."

भैयांनी हातमोजे चढवले. नळी घेतली. सरळ नळीच.

मी म्हणाले, "सर, आधी सुईनं थोडी लघवी काढू. ठोके कमी आहेत."

सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "मॅडम, तुम्ही धरा. शिकवायला मी आहे."

दोन-तीन जण हसले. मी धरलं.

नळी आत गेली आणि अडली. भैयांनी ढकलली. माझ्या तळव्याखाली लाल्याचं अंग ताठ झालं. भैयांनी पुन्हा ढकलली. मला दिसत होतं, रस्ता सरळ केलेलाच नाही. नळी वळणावर जाऊन भिंतीला टोचते आहे. सर मागे वळून फळ्यावर आकृती काढत होते. माझ्या तोंडात शब्द आला होता. थांबा. एवढाच शब्द. तो मी गिळला. का गिळला? पुन्हा कोणी काही बोलेल म्हणून. माझ्या हातांवर, माझ्या बापावर. एका वाक्याच्या भीतीनं मी तो शब्द गिळला.

तिसऱ्यांदा ढकलल्यावर काहीतरी सुटल्यासारखं झालं. भैया म्हणाले, "गई, गई!" नळीतून रक्त आलं. लघवी नाही. नुसतं रक्त.

सरांनी येऊन बघितलं. चेहरा उतरला. लगेच सावरून म्हणाले, "जेवणाची सुट्टी घेऊ. पेशंटला थोडी विश्रांती देऊ."

सगळे निघाले. भैया बाहेर बाकावर बसलेल्या शेवंताबाईंकडे गेले. मी आत, दार उघडं. मला स्पष्ट ऐकू आलं. "बाई, बिल्ला हिल गया. पकड़नेवाली ने ठीक से पकड़ा नहीं. अंदर चोट लग गई."

शेवंताबाई दारात आल्या. माझ्याकडे बघितलं. ओरडल्या नाहीत.

"काऊन सोडलंस वं बाई?"

माझ्या डोक्यात काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. राग म्हणावा तर राग नव्हता. कानात एकदम शांत झालं. एवढी वर्षं आत कोणीतरी सारखं फिरत होतं, ते उभं राहिलं, असं काहीसं.

मी तिथूनच बोलले. मोठ्यानं. जेवायला निघालेले लोक थांबले.

"मी सोडलं नाही. शेवटपर्यंत धरलं होतं. नळी चुकीची घातली. जोर लावला. आतून फाटलं. मला ते दिसत होतं आणि मी थांबवलं नाही. माझा गुन्हा तेवढा आहे. तो माझा. बाकीचा त्यांचा."

भैया म्हणाले, "मॅडम, धीरे. मेहमान हैं."

"मेहमान तुमचे. बोका या बाईचा."

सर परत आले. खालच्या आवाजात म्हणाले, "हे बघा, अशा केसमध्ये गुंतागुंत होते. तुम्ही भावनिक होताय."

"तुम्ही बाजूला व्हा, सर. मला त्याचं पोट हलकं करायचं आहे."

ते झाले बाजूला. त्यांना तसं कोणी कधी सांगितलं नसावं. मी सुईनं लघवी काढली. जेवढी निघाली तेवढी. शिरेतून सलाईन लावलं. पण आत फाटलं होतं, लघवी पोटात पसरत होती. मी शस्त्रक्रियेचं विचारलं. सर म्हणाले, या अवस्थेत भूलच सोसणार नाही. तेवढं मात्र ते खरं बोलले. शेवंताबाई स्टुलावर बसल्या, लाल्याचं डोकं हातात घेऊन. त्याच्याशी बोलत होत्या, घरातलं. गॅस संपत आला, शेजारणीची सून आली, असं. चारच्या सुमारास तो गेला.

मी शेवंताबाईंच्या पायाशी बसले. म्हणाले, "माय, मी बोलायला पाहिजे होतं. नाही बोलली. मला माफ कर."

त्यांनी लाल्याला टोपलीत ठेवलं. टोपलीवर लुगड्याचा तुकडा बांधला आणि गेल्या. माफ केलं की नाही, मला आजही माहीत नाही. विचारायचा हक्क मला नाही.

मग मी केसपेपर ओढला. वेळ लिहिली. ठोके लिहिले. नळी कोणी घातली, किती वेळा जोर लावला, मी काय सुचवलं, मला काय उत्तर मिळालं, मी कुठे गप्प राहिले. सगळं. खाली सही, पदासकट. भैया म्हणाले, "ये पन्ना फाड़ दो. नया बनाते हैं." मी म्हणाले, "फाडायचं तर तुम्ही फाडा, माझ्यासमोर." त्यांनी फाडलं नाही. हिंमत झाली नाही.

समारोपाला मी थांबले नाही. प्रमाणपत्र नंतर पोस्टानं आलं. मी ते तसंच परत पाठवलं. सोबत एक ओळ: यावर लिहिलेलं कौशल्य मला तिथे कोणी शिकवलं नाही.

पंधरा दिवसांत साहेबांनी बोलावलं. पाहुण्यांचा अपमान केला, अशी तक्रार होती. साहेब वाईट माणूस नव्हते. कंटाळलेले होते. कागद पुढे सरकवला. "दोन ओळी लिहून दे. गैरसमज झाला म्हण. विषय संपला."

"लिहीत नाही, सर."

"अगं, कशाले वाढवतेस? एक मांजर होतं."

"म्हणूनच लिहीत नाही."

बदली झाली. छत्तीसगडच्या सीमेकडे, जंगलातल्या केंद्रावर. सामान बांधायच्या आधी नवेगावला गेले. बाप ओट्यावर जाळं सांधत होता. सगळं ऐकून घेतलं. भैयांचं वाक्यही मी सांगितलं, मासळीचं. बापाची सुई थांबली नाही. म्हणाला, "असं तं लोकं जनमभर बोलूनच राहिले. तेवढ्यासाठी नोकरी धोक्यात घातलीस?"

"तेवढ्यासाठी नाही, बाबा. त्या वाक्याला भिऊन मी गप्प बसली आन् एक जीव गेला. त्याच्यासाठी."

त्यानं जाळ्यातली एक गाठ ओढून घट्ट केली. मग म्हणाला, "आता तिकडंई भांडशील?"

"हो."

त्याला ते आवडलं नाही. चेहऱ्यावर काळजी दिसत होती. मी ती दूर केली नाही. खोटं सांगून दूर करता आली असती.

नव्या केंद्रावर पहिल्या महिन्यात मी आसपासच्या दवाखान्यांतले ड्रेसर, परिचर, पर्यवेक्षक यांना बोलावलं. मांजराचं पोट कसं चाचपायचं, बोक्याची लघवी तुंबली हे कसं ओळखायचं, ते दाखवलं. मराठीत, हिंदीत, जमेल तेवढं गोंडीत. सहा जण आले. पुढच्या वेळी अकरा. माझा एकच नियम. जनावर ज्याच्या हातात आहे, त्याला काही वेगळं लागलं तर त्यानं लगेच बोलायचं. नळी घालणारा कोणीही असो. डॉक्टर असो, मी असो. थांब म्हटलं की थांबायचं. एकदा एका परिचरानं मला थांबवलं. तो चुकला होता. तरी मी थांबले.

राग गेलेला नाही. तो जाऊ नये म्हणून मी जपते. अजूनही मोठ्या हॉलमध्ये हात वर करून बोलताना आवाज कापतो. कापू दे. कापत्या आवाजात बोलेन. पण समोरच्याचा हात चालू असतानाच बोलेन. नंतर नाही.