कोटावरची गुलाबी रेघ

आमचे दादा शिंपी. माझे थोरले भाऊ. ते कापायचे, शिवायचे, मी काज-बटणं करायचो. माणूस बोलका. गिऱ्हाइकाचं पोट सुटलं असलं तरी म्हणायचे, "कापड आटलंय साहेब, तुम्ही आहात तसेच आहात."

त्यांचं स्वतःचं पोट मात्र बिनसलेलं. जेवण झालं की छातीत जळजळ, आंबट ढेकर. मग पित्ताची गुलाबी गोळी चघळायची. घटकाभर थंड वाटायचं, की पुन्हा आग. वहिनी डॉक्टरांचं नाव काढायच्या, दादा विषय उडवून लावायचे. आमचे वडील पोटातल्या गाठीनं गेले होते. डॉक्टरांकडे गेलं की आपल्यालाही तेच ऐकावं लागणार, ही त्यांची भीती. बोलले नाहीत कधी, पण मला कळत असे. वहिनींनी फारच लावून धरलं, तेव्हा "आता बरं आहे, गोळ्या सोडल्या," असं सांगून मोकळे झाले. गोळ्या सुरूच होत्या, खडूच्या खिशात.

एकदा एका वकिलांचा काळा कोट शिवून झाला. इस्त्री वहिनी करायच्या. ओलं फडकं टाकून त्यांनी बाहीवर इस्त्री फिरवली आणि थांबल्या. बाही नाकाशी नेली.

"अहो, या कोटाला पेपरमिंटचा वास कसा?"

मी जाऊन पाहिलं. बाहीवर गुलाबी रेघ. काळ्या कापडावर आम्ही गुलाबी खडूनंच खुणा करतो, पण खडू झटकला की जातो. ही रेघ वाफेनं कापडात बसली होती. खडू समजून दादांनी गोळीच ओढली होती.

"भावजी, तुम्हाला ठाऊक होतं?"

मी सुईत दोरा ओवू लागलो.

"छान! दोघे भाऊ एकाच माळेचे मणी." वहिनी दादांकडे वळल्या. "उठा. चपला घाला."

"अगं, वकीलसाहेब येतील..."

"भावजी सांगतील त्यांना, कोटाला पित्त झालंय म्हणून."

दादा हसले. मग मशीनवर हात टेकून हळूच म्हणाले, "वडिलांसारखं निघालं तर?"

वहिनींनी इस्त्री बाजूला ठेवली. "म्हणून टाळत होता होय? मी आहे ना बरोबर. चला."

वकील आले, रागावले. बाही बदलून देतो म्हणालो, तेव्हा गेले.

घशातून नळी घालून तपासायचं ठरलं, त्या दिवशी मीही गेलो. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "जठरात जखम आहे. गाठ नाही. नीट औषध घेतलं की भरेल." ऐकलं आणि इतका वेळ ताठ बसलेल्या वहिनी पदरात तोंड लपवून रडायला लागल्या.

तेवढ्यात दादांना बाहेर आणलं. त्यांनी वहिनींना रडताना पाहिलं आणि चेहरा पांढराफटक पडला. नळीसाठी मारलेल्या औषधानं घसा अजून बधिर, शब्द फुटेना. माझा हात धरून नुसते बघत राहिले.

"गाठ नाही दादा," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा मान हलवून विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मला फारसं बोलता येत नाही, पण त्या दिवशी ते विचारतील तितक्या वेळा सांगत गेलो.