अल बाहाच्या घाटातली दगडाची घडी

माझ्या सासूबाईंनी साताऱ्यात आयुष्यभर नववीला भूगोल शिकवला. रूपांतरित खडक, वली पर्वत, म्हणजे दाबाने घड्या पडलेले, सगळं फळ्यावर. आमच्याकडे जिकडे बघावं तिकडे काळा पाषाण, तोही आडवा अंथरलेला. वाकलेला दगड त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. आता त्या रियाधला आमच्या घरी आल्या होत्या, पण पुढच्या आठवड्यात त्यांचा व्हिजिट व्हिजा संपणार, परत गेल्यावर गुडघ्यांचं ऑपरेशन, म्हणजे पुन्हा येणं कठीणच. म्हणून रियाधचे मॉल रद्द करून आम्ही आईंना घेऊन दगड बघायला निघालो.

ताइफपर्यंतचा रस्ता उत्तम आणि कमालीचा कंटाळवाणा. पंपावरच्या स्वच्छतागृहांचा भरवसा नाही, पाणी आणि टिश्यू जवळ ठेवा. दशम्या-चटणी संध्याकाळपर्यंत पुरली. ताइफला मुक्काम केला. शाळांच्या सुट्टीत खोल्या महागतात, तेव्हा आधीच बुक करा.

दुसऱ्या दिवशी अल बाहाहून मखवाकडे घाट उतरू लागलो. एका बोगद्यातून बाहेर पडलो आणि आई हळूच म्हणाल्या, "वली." करड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा अख्खा कडा घडी घातलेल्या सोलापुरी चादरीसारखा उभा होता. पण तिथे थांबायला मनाई. माझ्या नवऱ्याने, नीलेशने, वेग जरा कमी केला तर मागून हॉर्नचा भडिमार.

मग आम्ही खाली जाऊन यू-टर्न घेतला, वर आलो, पुन्हा उतरलो. असं किती वेळा केलं ते विचारू नका. दर फेरीला आईंना वली दिसायची जेमतेम एका शिंकेपुरती. एका फेरीत त्यांनी अपनती, म्हणजे वर उचललेली घडी ओळखली, पुढच्या फेरीत शेजारची खाली खचलेली अभिनती. आमची लेक ईरा "आजी, इट्स जस्ट अ रॉक" म्हणून झोपून गेली. कठड्यावरची माकडं आमची गाडी ओळखू लागली.

पोलिसांनीही ओळखली. जिथे थांबायला मनाई होती, नेमकं तिथेच त्यांनी आम्हाला थांबवलं. नीलेशने इकामा म्हणजे रहिवासी परवाना, लायसन्स, सगळं पुढे केलं, पण फेऱ्या कशासाठी हे त्याला अरबीत सांगता येईना. तोवर आई उतरल्या होत्या. त्यांनी बॉनेटवर टॉवेल पसरला, दोन्ही हातांनी दोन बाजूंनी आत ढकलून त्याला घड्या पाडल्या आणि कड्याकडे बोट केलं. पोलीस टॉवेलकडे बघत राहिला, मग कड्याकडे. मग त्याने निळा दिवा चालू ठेवून आपली गाडी आमच्या मागे आडवी लावली आणि आईंना हाताला धरून दगडापाशी नेलं.

मागे रांग लागली. एक पाकिस्तानी ट्रकवाला धावत आला. "कोई मर गया क्या?"

"नहीं भाई," नीलेश म्हणाला, "पत्थर मुड़ गया है।"

"अच्छा? कब?"

आईंनी मागे वळून अगदी शांतपणे सांगितलं, "बहुत पहले." त्याने हळहळून मान हलवली.

आई कड्यावर तळहात टेकून उभ्या होत्या, आणि मला भर रस्त्यात रडू आलं. पोलिसाने वलीसोबत सेल्फी काढला, मग घड्याळ दाखवून म्हणाला, "खलास, यल्ला." झालं, चला आता.

आता रियाधला परत आलोय. माझ्याकडच्या प्रत्येक फोटोत पोलिसाचं कोपर आहे. आईंची बॅग भरताना मी विचारलं, कसं वाटलं?

"पुस्तकातल्या आकृतीत दोन्ही बाजूंनी दाबाचे बाण असतात गं," त्या म्हणाल्या. "तिथं शोधले. एवढा कडा वाकला, पण दाबला कुणी, ते कुठेच दिसत नाही. आणि मी बाण नसले की पोरांचा अर्धा मार्क कापायचे."