स्टार्टरच्या डब्यातला बेडूक

हे मी कुणाजवळच बोलले न्हाई. मालकाजवळबी न्हाई. देवापुढं हात जोडते, तवाबी एवढं सोडून बाकीचं सांगते.

मला बेडकं आवडत्यात. हसा खुशाल! पाण्यातले हिरवे न्हाईत — मातकट, अंगभर गाठी असलेले, ढिम्म बसणारे. नवी नवरी व्हते, बोलायला कुणी न्हवतं, अन् एक रांजणाखाली निघाला. मग दिसायलाच लागले — मोरीच्या पायपात, जुन्या चपलेत. मी गुपचूप किडे टाकायचे. सगळ्यात लाडका मात्र विहिरीवर राहायचा. कुठं? मोटरच्या स्टार्टरच्या डब्यात! तिथं ऊब असती, दिव्याला किडे येत्यात.

डब्याला खालून वायरीचं भोक असतंय. मोटर बंद केली की त्यात चिंधीचा बोळा कोंबायचा — बेडूक शिरला तर मागं साप येतो, हे आमच्याकडं लेकरालाबी ठावं हाय. ते काम माझ्या धाकट्या जावेचं, सुमनचं. अन् ती घराकडं वळली की मी — थांबा, सांगते — मी तो बोळा काढून टाकायचे. माझ्या बेडकाला येता-जाता यावं म्हणून.

एका सकाळी सुमननं मोटर लावायला डबा उघडला. तिची किंकाळी मला बांधावर ऐकू आली. नाग व्हता, तिच्या उजव्या हाताला डसला. लोकांनी मारला, तर पोट हे एवढं फुगलेलं. उंदीर गिळला असंल, म्हणले. मी व्हय म्हणून मान हलवली.

बीडच्या दवाखान्यात चार दिवस तिच्या उशाशी बसले. कशाला भ्याले व्हते मी? ती मरंल म्हणून — का डोळे उघडून विचारंल म्हणून? दुसऱ्याला जास्त. लाज वाटती, पण खरं हाय.

वाचली. उजव्या हाताची दोन बोटं गेली. घरात सगळे तिलाच बोलले, बोळा कोंबला न्हाई म्हणून. कोंबला व्हता का न्हाई, तिला नीट आठवंना. "माझंच ध्यान न्हवतं, अक्का," म्हणत माझ्याच गळ्यात पडून रडली. मी पाठीवरून हात फिरवत राहिले.

एक दिवस तिला बोळा कोंबल्याचं आठवंल अन् ती माझ्याकडं बघंल — याचंच मला भ्या हाय. विहिरीवर गेलं की मी डब्यापासनं लांबच उभी ऱ्हाते. सुमनला वाटतं, मी सापाला भिते. म्हणून मोटर लावायची झाली की ती मला मागं सारती, काठीनं डबा वाजवती अन् उरलेल्या तीन बोटांनी उघडती.

मी गुमान मागं सरते.