चहाला उशीर

भूकंपाच्या पहाटे मी झोपलो होतो. लातूर हललं, फळीवरची भांडी खाली आली, भिंतीला पंजा जाईल एवढी भेग पडली, अख्खी गल्ली रस्त्यावर येऊन उभी राहिली, आणि मी झोपलो होतो. नऊ वर्षांचा होतो. आदल्या दिवशी गणपतीच्या मिरवणुकीत ताशापुढं इतका नाचलो होतो की मला उठवणं जमिनीलाही जमलं नाही.

त्या एका झोपेवर मी पुढं वीसेक वर्षं मिरवलो. मी नांदेडला एका शिकवणी वर्गात फिजिक्स शिकवतो. लहरींचा धडा आला की भूकंपाचं उदाहरण येतं, आणि भूकंप आला की दीडशे पोरं एका सुरात म्हणतात, "सर, गोधडी." आधीच्या बॅचची पोरं पुढच्या बॅचला नोट्स देतात, त्यांच्याबरोबर हा किस्साही देतात.

किस्सा असा. बाबा एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक, त्या रात्री ड्युटीवर. घरात आई, ताई आणि मी. जमीन हलली तशी आईनं अंधारात एका हातानं ताईला ओढलं, दुसऱ्या हातानं मला काखेत मारलं आणि बाहेर पळाली. रस्त्यावर येऊन बघते तर काखेत मी नाहीच, माझी गोधडी. इथं मी थांबायचो. खडू टेबलावर ठेवायचो. मग म्हणायचो, "पोरांनो, माझ्या आईनं भूकंपातून गोधडी वाचवली. ती अजून घरात आहे. मीही आहे, पण ती वेगळी गोष्ट." शेवटच्या बाकापर्यंत हशा पिकायचा. हशा ओसरला की मी आडव्या लहरींकडं वळायचो.

आई त्या दिवसापासून नीट झोपली नाही, हे किश्श्यात नव्हतं.

भूकंपानंतर सगळी गल्ली कितीतरी दिवस रस्त्यावरच झोपत होती. मग एकेक घर आत गेलं. आईही आत आली, पण उंबऱ्यापर्यंतच. दाराच्या चौकटीला पाठ लावून बसायची, दार अर्धं उघडं ठेवायची, आणि बसल्या बसल्या जेवढा डोळा लागेल तेवढी तिची झोप. साडेचारला स्टो पेटायचा. गल्लीत सगळ्यांत आधी चहा आमच्या घरी व्हायचा. शेजारणी म्हणायच्या, बाई लई कामाची हाय. आम्हीही तेच समजायचो. पुढच्या वर्षी बाबांनी बदली मागून नांदेड घेतलं. घर नवं होतं, भिंतीला भेग नव्हती, पण उंबरा तिथंही होता.

बाबांना एस.टी.चा कुटुंबाचा पास मिळायचा. डेपोतली बाकीची माणसं त्या पासावर देवदर्शन उरकायची. बाबांच्या ओळखीचा एक निवृत्त ड्रायव्हर चिखलदऱ्याला राहायचा आणि त्याची पत्र्याची एक खोली रिकामी होती. एवढ्या भांडवलावर आम्ही हिवाळ्यात डोंगरावर जाणारे लोक झालो. नांदेडहून अकोला, अकोल्याहून परतवाडा, आणि तिथून घाट. घाटात ठरलेल्या एका वळणावर मला दरवर्षी उलटी व्हायची. ताई म्हणायची, याला खिडकीशी बसवा म्हणजे रस्ता चुकायचा नाही.

वर थंडी अशी की बादलीतल्या पाण्यात हात घालताना देव आठवावा. खोलीत खाट नव्हती. आईनं पहिल्याच दिवशी सतरंजी अंथरली, चौघांना एका ओळीत झोपवलं आणि सोबत आणलेल्या सगळ्या गोधड्या एकात एक सरकवून चौघांवर मिळून घातल्या. त्यात ती माझी प्रसिद्ध गोधडीही होती. स्वतः दाराच्या बाजूला झोपली. तिचा एक हात माझ्यावरून ताईपर्यंत पोचायचा.

सकाळी मला जाग आली तेव्हा पत्र्यावर ऊन आलं होतं. बाबा बाहेर पायरीवर माकडटोपी घालून, हात बगलेत खुपसून बसले होते. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. "आवाज करू नको. आज चहाला उशीर हाय." माणूस बढतीची बातमी सांगतो तसं ते म्हणाले.

मग हे दरवर्षीचं झालं. किल्ला बघायचा, भीमकुंडाच्या कड्यावर जाऊन खाली वाकू नका म्हणून ओरडा खायचा, नेलेले धपाटे संपेपर्यंत बाहेर काही खायचं नाही, संपले की रबडी. यातलं मला फार आठवत नाही. बाबा डेपोत परत गेल्यावर लोकांना सांगायचे, तिथं आमच्याकडं आठला चहा होतो. लोकांना वाटायचं, हा माणूस सहलीला जाऊन उपाशी राहतो.

पाच दिवसांनी परत नांदेड. पिशव्या रिकाम्या व्हायच्या, कपडे भिजत पडायचे, ज्वारी गिरणीत जायची, आणि त्याच रात्री आई उंबऱ्याशी. साडेचारला स्टो. आठवडाभर आमच्या स्वेटरांना शेकोटीच्या धुराचा वास यायचा आणि बाबा म्हणायचे, एवढ्यात धुऊ नका.

तिला डोंगरावरच झोप का लागते, यावर घरात दोन मतं होती. बाबांचं म्हणणं, हवा. माझं म्हणणं, मी बी.एस्सी. झाल्यामुळं, तापमान. शिकवणीत माझं बरं चालायला लागल्यावर मी हे सिद्ध करायचं ठरवलं आणि आतल्या खोलीत एसी बसवला. भर मे महिन्यात नांदेडचं चिखलदरा केलं. आई माझ्या समाधानासाठी एक रात्र आत झोपली. चार दिवस खोकली, आणि पुन्हा उंबरा. तो एसी मग बाबांनी वापरला. बाहेर बेचाळीस डिग्री आणि आत बाबा माकडटोपीत, असं दृश्य आमच्या घरी बरीच वर्षं होतं.

आणि दर हिवाळ्यात, डोंगरावर, शेकोटीपुढं, मी गोधडीचा किस्सा सांगायचो. आई समोर असायची. ताई काटकीनं निखारे उकरायची. आई किश्श्याच्या शेवटी भांडी घेऊन उठायची. तिला कामं असतात, असं मला वाटायचं.

माझं लग्न झालं त्या हिवाळ्यात आम्ही भाड्याची जीप करून गेलो. बाबा तोवर निवृत्त झाले होते. बायको उमरीची, घरात नवीन, कमी बोलणारी. भावजी, म्हणजे ताईचे यजमान, सोबत होते. त्यांनीच शेकोटीपाशी टाळी वाजवून फर्माईश केली. नवी श्रोती मिळाल्यावर मी काय सोडतोय. त्या रात्री मी भांडी पडल्याचा आवाजही तोंडानं काढला. गोधडी वाचली तिथं भावजी पोट धरून हसले.

बायको हसली नाही. तिनं साधं विचारलं, "मग तुम्हाला बाहेर कुणी आणलं?"

दीडशे पोरांना मी रोज सांगतो, प्रश्न विचारत जा. वीस वर्षांत हा प्रश्न मलाच सुचला नव्हता. मी सकाळी रस्त्यावर त्याच गोधडीवर जागा झालो होतो, आणि मधला भाग आपोआप झाला असणार असं धरून चाललो होतो. ताईच्या हातातली काटकी थांबली. बाबांनी शेकोटीत लाकूड घातलं, गरज नसताना.

"टेलरनं," आई म्हणाली, आणि भांडी घेऊन उठली.

टेलर म्हणजे लातूरला समोरच्या घरात राहणारे चाचा. माझ्या शाळेच्या चड्ड्या तेच शिवायचे.

दुसऱ्या दिवशी मी उठलो तेव्हा अजून झुंजुमुंजूही झालं नव्हतं आणि खोलीत चहाचा वास होता. डोंगरावर पहिल्यांदा. बाबा पायरीवर बसले होते, हातात कप होता, वाफ जाऊन साय धरली होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. वर्षातले पाच दिवस तिच्या झोपेचे होते, तेही मी घालवले, हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

ऊन आल्यावर आई खोलीमागच्या दगडावर एकटी बसली होती. मी जाऊन शेजारी बसलो. माफी मागायची होती, पण कशाची ते नीट कळत नव्हतं. तीच बोलली.

"तू सांगतूस त्यात खोटं काय न्हाई. पर पुढचं तुला ठावं न्हाई, म्हणून हसतूस."

तिनं पायाजवळचा एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"गोधडी हाय हे मला रस्त्यावर आल्या आल्या कळलं. हाताला हलकी लागली. माघारी जायला पाहिजे होतं. पाय उचलला न्हाई रे लेकरा. पोरीनं पदर धरून ठेवला म्हणून जाता आलं न्हाई, असं सगळ्यांला सांगितलं मी. तिनं धरला नव्हता. ती तर जा जा म्हणून वरडत होती."

माझा स्वभाव असा की गप्प बसवत नाही. भीतीनं स्नायू कसे आखडतात, त्यात माणसाची इच्छा कशी चालत नाही, हे मी समजावायला लागलो. दोन वाक्यं झाली असतील.

"क्लास नको घेऊस," आई म्हणाली.

मग ती म्हणाली, टेलर आत गेला, तुला खांद्यावर टाकून आणलं, माझ्याजवळ ठेवलं आणि आपल्या घरच्यांकडं गेला. एका शब्दानं बोलला नाही मला. त्याच्या डोळ्याला डोळा देता येईना, म्हणून तुझ्या बाबांला बदली मागायला लावली.

नांदेडची बदली मी आजवर बाबांची हुशारी म्हणून सांगत आलो होतो. ताईला सगळं माहीत होतं. दहा-बारा वर्षांची होती तेव्हापासून, पदर धरल्याचं ती आपल्या अंगावर घेऊन होती, आणि मी तिच्यासमोर बसून दरवर्षी लोकांना हसवत होतो.

डोंगर उतरल्यावर आईनं लातूरला न्यायला सांगितलं. आम्ही दोघंच गेलो. गल्ली मला सापडेना. सगळीकडं क्लासेसच्या पाट्या, टॉपर पोरांचे फोटो, अभ्यासिका, मेस. मी स्वतः त्याच धंद्यातला, तरी त्या पाट्यांमधून आपलं घर कुठं होतं ते मला ओळखता आलं नाही. आईला आलं. चाचांच्या घराच्या जागी मुलींचं तीन मजली होस्टेल उभं होतं. खाली मेसची बाई पोळ्या लाटत होती. चाचांचं कुटुंब उदगीरकडं गेलं म्हणे, का हैदराबादला, तिला नक्की माहीत नव्हतं. तिनं विचारलं, "आजी, कुणाची ॲडमिशन करायची?"

"कुणाची न्हाई," आई म्हणाली.

रस्त्याच्या कडेला एका जागी ती थोडा वेळ उभी राहिली. ती जागा कोणती असणार ते मला कळलं. मधून सायकली जात होत्या, क्लास सुटला होता. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती स्टँडकडं चालायला लागली.

सोमवारी लहरींचा धडा होता. पोरांनी गोधडी मागितली. मी म्हटलं, भूकंपात मी झोपलो होतो, समोरच्या घरातल्या एका टेलरनं मला बाहेर आणलं, मला त्यांचा पत्ता ठाऊक नाही. पोरं हशाची वाट बघत राहिली. मी फळ्यावर आडवी लहर काढली. ती वाकडी आली.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर मी माझी गादी ओढत आणली आणि उंबऱ्याशी टाकली. बायकोला आधी विचारलं होतं. ती म्हणाली होती, हे वीस वर्षांपूर्वी करायला पाहिजे होतं. आई आपली चटई घेऊन आली आणि गादी बघून थांबली.

"आजपासून दारात मी," मी म्हटलं. "तू आत ताणून दे. सगळ्यांच्या आधी मीच बाहेर पडीन, कुणाला शोधायचं काम न्हाई."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तू? तुला उठवायला अजून एक भूकंप लागंल."

बाबा आतून हसले. मग बायको. मीही. इतक्या वर्षांत त्या किश्श्यावर आईनं स्वतःचं पहिलं वाक्य घातलं होतं, आणि ते माझ्या सगळ्या वाक्यांपेक्षा बरं होतं. ती चटई घेऊन तिथंच घोटाळत राहिली. दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग आत गेली.

जागं राहायचं असं मी पक्कं ठरवलं होतं. सकाळी उठलो तर ऊन माझ्या पायांवर आलं होतं आणि अंगावर ती गोधडी होती. ती कुणी कधी घातली ते मला सांगता येणार नाही. मी झोपलो होतो.

बाबा ओट्यावर हात बगलेत खुपसून बसले होते. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. स्टो अजून पेटला नव्हता.