न सुटलेली होडी

दगडूतात्या गेल्याचं कळलं तेव्हा मी पौडच्या भातगिरणीत पोत्यांची मोजदाद करत होतो. मुळशीकडून आलेल्या एस.टी.चा कंडक्टर दारात थांबला आणि म्हणाला, "दिवाणजी, पल्याडचं तात्या गेलं. सकाळच्याला." एवढं सांगून तो गाडीकडे वळला. मी पुढचं पोतं मोजलं, त्याच्या पुढचंही मोजलं, आणि मग लक्षात आलं की आकडा केव्हाच चुकला आहे. त्या दिवशी पहिल्यांदाच मी मोजणी दुसऱ्याकडे सोपवून घरी गेलो.

तात्या आमच्या होडी मंडळीचे अध्यक्ष होते आणि मी गिरणीचं काम सांभाळून मंडळीचे हिशेब बघत असे. ज्यांनी धरणापलीकडचा भाग पाहिला नाही त्यांना सांगायला हवं की तिथल्या वाड्या मूळच्या खालच्या. धरणाचं पाणी चढलं तशी माणसं डोंगराच्या अंगाला वर सरकली आणि जुनी घरं, आंब्याचे बुंधे, देवळाचे ओटे पाण्याखाली राहिले. त्यांच्या बापजाद्यांनी भात लावलं होतं. होडी कुणी चालवली नव्हती. पण बाजार, दवाखाना, कचेरी सगळं अलीकडे, आणि डोंगरावरून वळसा घालून यायचं तर दिवस मोडायचा. म्हणून स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी वाड्यांनी वर्गणी काढून होड्या घेतल्या आणि नांगर धरणाऱ्या हातांनी वल्हं धरलं. पाणी पावसात चढे आणि पुढे विजेसाठी उतरत जाई. ज्या वाटेने आज सुखरूप गेलो तिथेच काही दिवसांनी एखादी बुडालेली भिंत होडीच्या बुडाला घासायची. घाटावरून वारा कधी उतरेल याचाही नेम नसे. असं ते पाणी... वरून पाहिलं तर अगदी साधं.

तात्या अध्यक्ष झाले त्याच आषाढात पहिली होडी गेली. बुंध्यावर आपटून कलंडली. तिघं बुडाले, त्यातल्या एकाचं प्रेत सापडलंच नाही. चूक कुणाची यावर वाडीवाडीत भांडणं लागली. तात्या त्या भांडणात पडले नाहीत. ते वाचलेल्यांच्या घरोघर गेले आणि प्रत्येकाला एकच गोष्ट विचारली, की सुटायच्या आधी तुला काही वाटलं होतं का? बहुतेक नाही म्हणाले. दोघांनी मान खाली घातली. एकाला होडी जास्त दबल्यासारखी वाटली होती, दुसऱ्याला पाण्यावरच्या फेसाची रेघ बरी दिसली नव्हती. मग बोलला का नाहीस, असं तात्यांनी विचारल्यावर त्यातला एकजण म्हणाला, "म्होरं जाणता मानूस बसला हुता, तात्या. आपुन काय बोलायचं?"

त्या उत्तरावरून तात्यांनी मंडळीचा नियम केला. सभेत ते जे बोलले ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. "ह्या पान्याचं जाणतं आपल्यात कुनीच न्हाई. म्या बी न्हाई. तवा होडीत बसल्याला कुनी बी, ज्याला भ्या वाटंल, त्यानं न्हाई म्हनायचं. मंग दोर परत बांदायचा. कारन इचारायचं न्हाई." मी विचारलं, निदान कारण तरी सांगावं की. तात्या माझ्याकडे वळून म्हणाले, "दिवाणजी, कारन मागितलं की मानूस कारन जुळवत बसतो. न्हाई जुळलं की गप बसतो. त्या दोगांचं त्येच झालं."

आकडे मांडणाऱ्या माणसाला हा नियम पचणं कठीण होतं. होडी थांबली की दूध नासायचं, बाजार चुकायचा, कचेरीतली तारीख हुकायची. हे सगळं मला मांडता येत होतं. वाचलं काय, ते मात्र मांडता येत नव्हतं. थांबलेल्या होडीचं त्या दिवशी काय झालं असतं हे कोण सांगणार? तात्यांना मी हे अनेकदा ऐकवलं. ते ऐकून घेत आणि खरं आहे म्हणत. नियम तसाच राही.

सगळ्यात जास्त वेळा नाही म्हणायचा तो किसन. वल्ह्यावर चांगला, अंगाने दणकट, पण पाण्याला बिचकायचा. त्याची चेष्टा चाले. सकाळी तो काठावर आला की कुणीतरी विचारायचंच, "किसन्या, आज तू न्हाई म्हनतुयास का घरून बायकोनं सांगून धाडलंय?" तो हसायचा, आणि वाटलं तर नाही म्हणायचाच.

पुढे एका श्रावणात मी हिशेबाला पलीकडे गेलो असताना गंगूवहिनींच्या, म्हणजे तात्यांच्या पत्नीच्या पोटात कळा सुरू झाल्या. उन्हं वर येईपर्यंत त्यांना उभंही राहवेना. घोंगडीत घालून त्यांना काठावर आणलं. आभाळ उघडलेलं होतं आणि पाण्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती. वहिनींना होडीत निजवलं, तात्या उशाशी बसले, आणि किसन वल्ह्याला हात घालता घालता थांबला. त्याचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, "तात्या... न्हाई."

काठावर कुणी हललं नाही. मग तात्यांचा पुतण्या रंगनाथ पाण्यात उतरला आणि त्याने किसनला बाजूला ढकललं. "तू उतर. काकीला म्या नेतो." आणखी दोघं वल्हं घ्यायला पुढे आले. तात्यांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे. मला वाटलं, आज हा नियम मोडेल, आणि मोडावा असंच मला वाटत होतं. तात्या म्हणाले, "त्यो न्हाई म्हनलाय. डोली बांदा."

डोंगराच्या वाटेने निघालो. ओढे भरलेले होते. रंगनाथने डोलीचा पुढचा दांडा शेवटपर्यंत कुणाला दिला नाही. प्रत्येक वळणावर खाली पाणी दिसायचं आणि ते तसंच, निवांत. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं आणि सगळ्यांना ते दिसत होतं. तिसरा ओढा ओलांडताना वहिनींनी पाणी मागितलं. ते घशाखाली उतरलं नाही.

पौडच्या डॉक्टरांना मी नंतर विचारलं, होडीने आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं. त्यांनी तेच उत्तर दिलं. त्या दिवशी पाण्यावर वारा आला नाही, काहीच झालं नाही.

तेरावा झाल्यावर सभा भरली. रंगनाथने मागणी केली की नियम रद्द करावा आणि किसनला काढावं. बहुतेकांचा कल तिकडेच होता. किसन दारापाशी बसला होता. त्याची दाढी वाढली होती आणि तो कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. तात्या बसूनच बोलले. "माजी बायकू होडीत, म्या अध्यक्ष, सारी वाडी काठावर. तवा न्हाई म्हननं लई जड. त्यो म्हनला. असा मानूस काढला तर परत कुनी बोलंल का?" रंगनाथने विचारलं, "आन काकी?" सभा तशीच उठली. नियम राहिला.

पण खरी काळजी त्यानंतर सुरू झाली. होड्या थांबेनाशा झाल्या. त्या हंगामात एकही फेरी चुकली नाही, मिळकत वाढली, आणि मी ते आकडे समाधानाने तात्यांपुढे ठेवले. तात्यांचा चेहरा काळवंडला. "भ्या गेलं न्हाई, दिवाणजी," ते म्हणाले. "बोलनं गेलं. समदी गप बसल्यात. ह्ये वाईट." किसन वल्हं मारत होता, पण ओठ मिटून. सगळे त्याच्यासारखेच झाले होते.

मग तात्यांनी स्वतःच नाही म्हणायला सुरुवात केली. लख्ख ऊन असावं, पाणी स्वच्छ असावं, होडी भरलेली असावी आणि तात्यांनी म्हणावं, मला भ्या वाटतंय. सगळ्यांनी निमूट उतरायचं. एकदा डोक्यावर अंड्यांची पाटी घेतलेली एक म्हातारी तोंडावर म्हणाली, "तात्या, म्हातारपनी पान्याला भ्याया लागलास व्हय रं? माजी शेळी बरी, ती तरी चडती होडीत." सगळा काठ हसला. तात्याही हसले आणि दोर बांधून मोकळे झाले. खरंच भीती वाटते की मुद्दाम करता, असं मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "अध्यक्षाला हसत्यात, तर दुसऱ्याला बोलायला सोपं जाईल." आणि पाण्याकडे न बघता... "आन दिवाणजी, मला रोजच भ्या वाटतंय."

वर्षभराने किसन पुन्हा एकदा नाही म्हणाला. तात्यांनी त्याच्या शेजारी बसून तंबाखू चोळली आणि अर्धी त्याच्या हातावर ठेवली.

गेल्या पावसाळ्यात तात्यांना धाप लागली. आजारी पडल्यावर अध्यक्षपद रंगनाथकडे आलं. त्यांनीच ते त्याच्या गळ्यात घातलं. मला ते विपरीत वाटलं होतं. शेवटच्या भेटीत मी तसं बोललोही. तात्या म्हणाले की ज्याला नियम सोसवत नाही त्याच्याच हाती तो असावा; त्यापुढचं आपल्याला दिसत नाही.

दशक्रियेला मी पलीकडे गेलो. दुपारी परतायला होडी भरली. वल्ह्यावर किसन, दोरापाशी रंगनाथ. मला संध्याकाळची एस.टी. गाठायची होती. रंगनाथने सगळ्यांवरून नजर फिरवली, कुणी बोललं नाही, आणि त्याने दोर सोडायला घेतला. तेवढ्यात माझ्या समोर बसलेली एक नवी सून सासूच्या कानाशी लागली. सासूने तिला दटावलं. पोरीने पुन्हा मान हलवली. शेवटी सासू कुणाकडेच न बघता म्हणाली, "आमची सून न्हाई म्हंती."

मागून कुणीतरी हसलं. "काल आल्याली पोर. तिला पान्याचं काय ठावं?"

रंगनाथचा हात दोरावरच होता. त्याच्या जबड्याची हालचाल मला दिसली. मला वाटतं, त्याला ती डोली आठवली असावी. तो हळू आवाजात म्हणाला, "तुला तरी काय ठावं हाय?" आणि त्याने दोर खुंटाला परत बांधला.

आम्ही उतरलो. ती पोर पदर ओढून, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. कुणी तिला काही विचारलं नाही. माझी गाडी गेली. मी आणि किसन दिवस मावळेपर्यंत काठावर बसून राहिलो. पाणी निवांत होतं. अगदी शेवटी, वारा नसताना, मध्यावर एक काळपट पट्टा उमटला. तो हळूहळू आमच्या बाजूला सरकला आणि काठाला लागायच्या थोडा आधी विरून गेला. किसनने तो पाहिला की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.